ओटीपी भावाच्या फोनवर: कुही तालुक्यातल्या एका दूरस्थ विद्यार्थिनीचं प्रकरण

जानेवारीतला पहिला शनिवार होता. दुपारी दूरशिक्षणाच्या आमच्या अभ्यासकेंद्रावर गर्दी नव्हती, म्हणून मी मूडलवर, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यवस्थेवर, आमच्या तुकडीची यादी उघडली आणि 'शेवटचा प्रवेश' या रकान्यानुसार नावं लावून घेतली. सगळ्यात वरच्या नावापुढं आकडा होता ४७ दिवस. नाव वाचलं आणि धस्स झालं. पहिल्या वर्षी या बाईंनी एकही गृहपाठ चुकवला नव्हता. समंत्रणाच्या, म्हणजे केंद्रावरच्या मार्गदर्शनाच्या, तासाला पुढच्या बाकावर वही उघडून बसायच्या, आणि तास संपल्यावर बस सुटेल म्हणून पळतपळत नागपूरच्या गणेशपेठ स्टँडकडं निघायच्या.

हे प्रकरण त्यांचं. कुही तालुक्यातल्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विद्यापीठाचं आणि केंद्राचं नावही देत नाही. मी त्यांना ताई म्हणते, इथंही तेच म्हणेन. मी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते आणि शनिवार-रविवारी या केंद्रावर समंत्रक म्हणून येते.

कोण, कुठून, कशासाठी

बारावी झाल्या झाल्या ताईंचं लग्न झालं. मग दोन मुलं, मग अंगणवाडी. मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी लागते, म्हणून बी.ए.ला नाव घातलं. सासरचं घर गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातलं. धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, पुढं वैनगंगेचं पाणी चढत गेलं आणि गाव नवीन गावठाणात आलं. थोडी धानाची शेती उरली आहे. नागपूर तिथून चाळीसेक किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून रविवारी शहरात येणं त्यांना परवडू लागलं.

आपल्याकडं दूरशिक्षणाची सोय नवी नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. दोन्हींची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत, आणि इथल्या मध्यवर्ती कारागृहातले बंदीही या विद्यापीठांतून शिकतात. तंत्रज्ञान या शिक्षणात पहिल्यापासून आहे. २००० साली ज्ञानदर्शन वाहिनी आली, २००४ साली शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला, २०१७ साली 'स्वयं' हे संकेतस्थळ आणि 'स्वयंप्रभा'च्या डीटीएच वाहिन्या सुरू झाल्या. पण २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि सगळा भार फोनवर आला. इथं एक मोठा बदल झाला, ज्याबद्दल आम्ही शिक्षक फारसं बोलत नाही. रेडिओ लावला की ऐकणारा कोण हे रेडिओ विचारत नव्हता. शेजारच्या घरी जाऊन टीव्हीवरचा तास बघता येत होता. फोनवरचं शिक्षण दारातच विचारतं: तुमचा नोंदवलेला नंबर? त्यावर आलेला ओटीपी?

आमच्या केंद्राकडं तेव्हा काय काय होतं? विद्यापीठाचं मूडल, त्यावर पुस्तकांच्या पीडीएफ आणि चाचण्या. रविवारी सकाळी अकराला व्हिडिओवर थेट वर्ग, त्याचं रेकॉर्डिंग. तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप. गृहपाठाच्या तारखांचे एसएमएस. शिवाय व्हॉट्सॲपवर माझी स्वतःची एक ब्रॉडकास्ट यादी, एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पोचवणारी. कागदावर पाहिलं तर कसलीही कमी नव्हती.

आम्ही लावलेला अंदाज

त्याच दिवशी चहाच्या वेळी मी संयोजकांना यादी दाखवली. आणखी काही नावं महिना-महिना गप्प होती. चर्चा पाच मिनिटांत संपली. ग्रामीण भागातल्या बायका, ॲप वापरायची सवय नाही, धानाची कापणी-चुरणं चाललं असेल. ठरलं असं की एका रविवारी डिजिटल साक्षरतेची कार्यशाळा घ्यायची. मीही मान डोलावली. कार्यशाळेची सूचना मीच लिहिली आणि ग्रुपवर टाकली.

ज्यांच्यासाठी कार्यशाळा होती, त्यांच्यापर्यंत सूचनाच पोचणार नव्हती, हे मला चार दिवसांनी कळलं.

बुधवारी संध्याकाळी मी ताईंना साधा फोन लावला. पहिल्या वर्षी एकदा त्यांनी मला फोन केला होता, तो नंबर माझ्याकडं होता. दुसऱ्या रिंगला उचलला.

"कोण बोलून राह्यलं जी?"

मी नाव सांगितलं. क्षणभर काही आवाज नाही, मग एका दमात सगळं आलं. "मॅडम, मी तर रोज वाट पाहून राहिली होती. मेसेजच नाही आला. मले वाटलं या वर्षी वर्गच सुरू नाही झाले. ॲप उघडते तर पासवर्ड मांगते. पासवर्ड भावाच्या नंबरवर. भाऊ गेला चाकणला कंपनीत. कंपनीत फोन बाहेर ठेवा लागते म्हणे. ओटीपी येते अन् तो पाह्यते चार घंट्यानं. तोवर ते संपून जाते. दोनदा केलं, तीनदा केलं, मग सोडलं मी."

नेमकं कुठं तुटलं

पुढच्या रविवारी ताई आल्या. आम्ही वर्गाआधी तासभर बसून ऑगस्टपासूनचं एकेक लिहून काढलं. ते लिहिताना कळलं की एका जागी काही तुटलेलं नाही. एकाच धाग्यावर टांगलेल्या पाच गोष्टी एकदम खाली आल्या आहेत.

प्रवेशाचा अर्ज पहिल्या वर्षी तालुक्याच्या गावी नेट कॅफेत भरला होता. ताईंकडं तेव्हा स्वतःचा फोन नव्हता, म्हणून भावाचा नंबर टाकला. भाऊ गावातच होता, मेसेज आला की घरी येऊन दाखवायचा. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही प्रवेशाच्या यादीवरून बनवला होता, म्हणून ग्रुपमध्येही भाऊच. तारखांचे एसएमएसही भावालाच. ऑक्टोबरात तो चाकणला गेला आणि ही सगळी वाट त्याच्याबरोबर गेली. ताईंच्या स्वतःच्या फोनवर ॲप आधीपासून उघडं होतं म्हणून नोव्हेंबरपर्यंत निभावलं. मग कापणीच्या दिवसांत फोन बांधावरून पडला, स्क्रीन गेली, नवा घेतला. नव्या फोनवर ॲपनं पासवर्ड मागितला. तिथून पुढं दार बंद.

उरली होती माझी ब्रॉडकास्ट यादी. त्यात ताईंचा खरा नंबर होता. पण व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेला असतो. जुन्या फोनबरोबर ताईंचे सगळे नंबर गेले, त्यात माझाही. मी दर आठवड्याला पाठवत होते, त्यांच्या नावापुढं एकच टिक राहत होती, आणि मी कधी ती टिक पाहिली नव्हती. दीड महिना मी एका माणसाशी बोलते आहे असं मला वाटत होतं. हे मला अजून खुपतं.

तांत्रिक साक्षरतेचं म्हणाल तर त्याच सकाळी ताईंनी मला त्यांचं पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीचं सरकारी ॲप दाखवलं. अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराचं वजन, उंची, हजेरी, घरी दिलेला आहार, सगळी नोंद त्या रोज फोनवर करतात. एका मुलाचं पान उघडून त्यांनी अंगठ्यानं सरकवत सरकवत महिन्यामहिन्याचं वजन दाखवलं. "हे पाहा, इथं घसरलं होतं याचं. मग मी घरी गेली. आता चढून राह्यलं." नेटवर्क नसलं तर आधी वहीत लिहायचं आणि रात्री पाण्याच्या टाकीजवळ जाऊन भरायचं, ही पद्धतही त्यांनी स्वतः बसवलेली. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट दर्जाचे सरकारी मोबाइल परत केले होते. चांगलं यंत्र कोणतं आणि वाईट कोणतं हे या बायकांना आमच्यापेक्षा बरं कळतं. आणि आम्ही त्यांना ॲप कसं उघडायचं हे शिकवायला निघालो होतो.

दूरशिक्षणाच्या अभ्यासात मायकेल मूर यांची एक मांडणी फार वापरली जाते. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःहून किती करता येतं, यांवर ते ठरतं. मी ही मांडणी वर्गात शिकवलेली आहे. तरी ताईंच्या बाबतीत मी चाळीस किलोमीटरलाच दोष देत होते. दुसरी मांडणी ॲलन टेट यांची, २००० सालची. विद्यार्थ्याला लागणारा आधार ते तीन प्रकारचा मानतात: विषय समजण्यासाठीचा, मनाला उभारी देणारा, आणि तिसरा व्यवस्थेचा, म्हणजे प्रवेश, नोंदी, तारखा, माहिती सुरळीत मिळणं. आमचा सगळा उत्साह पहिल्या प्रकारात होता. आणखी एक व्हिडिओ, आणखी एक चाचणी, आणखी एक पीडीएफ. ताईंचं अडलं होतं तिसऱ्यात. शैक्षणिक तंत्रज्ञानावर बोलताना आशयाची एवढी चर्चा होते आणि नोंदवलेल्या नंबराची काहीच होत नाही, हे मला या प्रकरणानंतर अजिबात पटत नाही.

नंबर बदलायचा कसा

नंबर बदलणं दहा मिनिटांचं काम असेल असं मला वाटलं होतं. त्यासाठी अर्ज, आधारची प्रत आणि मार्कशीट लागली. मार्कशीटवर ताईंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला. तो ग्रामपंचायतीतून आणायचा. हे सगळं होऊन नवा नंबर मूडलवर चढायला जवळपास तीन आठवडे गेले.

ज्यांनी मुलींच्या प्रवेशाचं काम केलं आहे त्यांना हे नवीन नाही. शैक्षणिक क्रेडिट बँक, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक एका ऑनलाइन खात्यात जमा ठेवण्याची सरकारी सोय, २०२१ साली आली. तिचा आयडी काढायला डिजिलॉकर, डिजिलॉकरला आधारशी जोडलेला मोबाइल. आधारशी जोडलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा, सासऱ्याचा, नाहीतर कधीच बंद पडलेला. नावाचा घोळ तिथंही तोच. प्रत्येक पायरीवर लग्न झालेल्या बाईला एक कागद जास्त लागतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण त्याची झळ नेमकी कुणाला लागते ते दिसतं.

तीन आठवडे थांबणं शक्य नव्हतं. गृहपाठ फेब्रुवारीअखेर द्यायचे होते. त्यामुळं मूडल बाजूला ठेवून जे हातात होतं त्यावर काम सुरू केलं.

आवाज

पहिलं सुचलं ते ध्वनिमुद्रण. ताईंकडं वाचायला मोकळा वेळ रात्री दहानंतरचा, तेव्हा डोळे मिटतात. पण पहाटे स्वयंपाक करताना कान मोकळे असतात. मी उत्साहानं 'सामाजिक परिवर्तन' हा घटक रेकॉर्ड केला, ३८ मिनिटं, एमपीथ्रीमध्ये, ३६ एमबी. पाठवला. तीन दिवसांनी विचारलं.

"ऐकलं ना जी. पण मॅडम, पोळ्या होऊन जातात, पोरं उठतात, अन् तुमचं आत्ता कुठं सुरू झालेलं राह्यते."

त्यांनी पहिली सात-आठ मिनिटं ऐकली होती, तीही तीन वेळा, कारण दरवेळी पहिल्यापासून लागायचं. मी वर्गातला तास उचलून फोनमध्ये ठेवला होता. मग एका मुद्द्याला एक तुकडा, आठ मिनिटांच्या वर नाही, असं ठरवलं. व्हॉट्सॲपवर सरळ व्हॉइस मेसेज म्हणून बोलले की आवाज आपोआप दाबून लहान होतो. सेकंदाला १६ किलोबिट धरले तर आठ मिनिटांचा तुकडा एक एमबीच्या आत बसतो. तासभराच्या थेट व्हिडिओ वर्गाला अर्धा जीबी सहज जातो. रोजच्या दीड जीबीत अंगणवाडीचं काम, मुलाचा अभ्यास आणि घरातल्यांचं बघणं सगळं भागवायचं, तिथं हा हिशेब खरा हिशेब आहे.

प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मी पुस्तकाचं पान सांगायला लागले. "पान ६२ उघडा, दुसरा परिच्छेद." ही सुधारणा ताईंनीच सुचवली. छापील पुस्तक त्यांच्याकडं होतं, आवाज त्यात बोट ठेवून दाखवणारा हवा होता. यानंतर पुस्तकाबद्दलचं माझं मत बदललं. पुस्तकांचा संच ही जुनी गोष्ट, तिची जागा आता फोन घेणार, असं मी समजत होते. ताईंच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलनं माझ्या क्लिपचे क्रमांक लिहिलेले पाहिले तेव्हा कळलं की फोन हा त्या पुस्तकाचा शिक्षक झाला आहे.

पीडीएफचं दुखणं निराळं. मूडलवरची काही पुस्तकं कागद स्कॅन करून चढवलेली, पान आडवं, फाइल जड. दुसरी काही जुन्या मराठी फॉन्टमधली. ती डोळ्यांना मराठी दिसतात, पण फोनला ती मराठी आहेत हे कळत नाही. शब्द शोधला तर सापडत नाही आणि मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप भलतीच अक्षरं बरळतं. दोन घटकांच्या टिपा मी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला कळणाऱ्या मराठी अक्षरांत, नव्यानं टाइप केल्या. दोनच. सगळं पुस्तक टाइप करणं एकट्या समंत्रकाच्या आवाक्यातलं काम नाही, ते विद्यापीठानं एकदाच करून टाकायचं काम आहे.

विस्थापनाचा गृहपाठ

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे.

'विकास आणि विस्थापन' यावर एक प्रश्न होता. ताईंनी फोटो काढून पाठवलेलं उत्तर मी वाचलं. गाइडमधून उतरवलेलं होतं. 'विकास ही एक निरंतर चालणारी प्रक्रिया आहे' असं सुरू होऊन पाच मुद्दे, पाच उपाय. मी त्यावर शेरा लिहून गुण देऊ शकले असते, आजवर तेच केलं होतं. त्याऐवजी रात्री फोन केला आणि विचारलं, "ताई, तुमचं गाव उठलं तेव्हा काय झालं?"

त्या वीस मिनिटं बोलल्या. नव्या गावठाणात घराला जागा मिळाली पण गोठ्याला नाही, म्हणून म्हशी विकाव्या लागल्या. ढिवर समाजाची काही घरं होती, पाणी वाढलं तसं मासेमारीचं गणित बदललं. जुन्या गावात बायका नदीवर भेटायच्या, इथं नळ आला आणि भेटणं संपलं. सासूबाई अजून रस्त्याचा पत्ता जुन्या गावच्या पिंपळावरून सांगतात. मोबदल्याचे पैसे ज्यांच्या नावावर शेत त्यांना मिळाले. त्या शेतात राबणाऱ्या बायकांच्या नावावर काही नव्हतंच.

समाजशास्त्राच्या पुस्तकात जे तीन पानांत आहे ते सगळं त्यात होतं, आणि पुस्तकात नाही असंही पुष्कळ. मी म्हटलं, हेच लिहा. त्या म्हणाल्या, "हे लिहिता नाही येत जी. बोलता येते."

तेव्हा फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चित्र उपयोगी पडलं. पुढच्या रविवारी केंद्राच्या व्हरांड्यात बसून आम्ही मराठी बोलून टाइप करणं लावलं. ताई बोलत होत्या, अक्षरं उमटत होती. यंत्राला त्यांची बोली सगळी कळत नव्हती. 'राह्यते'चं 'राहते' व्हायचं, ढिवर हा शब्द तर एकदाही नीट आला नाही. विरामचिन्ह एकही नाही. पण आपलं बोलणं समोर लिहिलेलं दिसतं आहे, याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी वाचलं, थांबल्या, "हे आधी पाहिजे होतं, हे मागून," असं म्हणत दोन वाक्यं वरखाली केली. म्हणजे संपादन केलं. मग पुस्तकातल्या दोन संकल्पना कुठं बसतात ते आम्ही मिळून शोधलं. गृहपाठ हातानं लिहूनच द्यायचा असतो, म्हणून घरी जाऊन त्यांनी ते सगळं कागदावर उतरवलं.

त्यावर मी लेखी शेरा दिला नाही. प्रत्येक पानाचा फोटो समोर ठेवून तीन मिनिटांचा आवाज पाठवला: इथं चांगलं झालं, इथं 'असं म्हणतात' लिहिलं आहे, कोण म्हणतं ते लिहा. ताईंनी तो घरच्यांना ऐकवला हे मला नंतर समजलं. अभ्यासाबद्दल घरात कुणी शिक्षक नावानं बोलतो आहे, याला त्या घरात वजन आलं. संध्याकाळचा अर्धा तास त्यांना मिळायला लागला तो त्यानंतर.

जे जमलं नाही

आवाजाचे तुकडे आणि फोन बरे चालले म्हणून मी पाच विद्यार्थ्यांचा एक गट केला. रात्री नऊला साधा कॉन्फरन्स कॉल, व्हिडिओ नाही. मांढळचा एकजण मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांचे देठ खुडतात त्या जागी, हिशेब ठेवणारा, एक बुटीबोरीच्या कारखान्यातला, दोन शहरातल्या मुली, आणि ताई. दोन आठवडे चर्चा रंगली. मग बुटीबोरीच्या दादाची पाळी बदलली, एका मुलीच्या घरी रात्री फोनवर बोलणं चालेना. ताई घरात आवाज होतो म्हणून अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसायच्या, थंडीत, अंधारात. ते मला नंतर कळलं. मी तो कॉल बंद केला. एक वेळ सगळ्यांना सोयीची असेल हे मी गृहीत धरलं होतं, आणि दूरशिक्षण घेणाऱ्याकडं नसते ती नेमकी हीच गोष्ट.

तुकडीच्या मोठ्या ग्रुपमधून काही मुली निघून गेल्या होत्या, त्याचंही कारण याच काळात समजलं. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. रात्री अनोळखी नंबरवरून 'हाय' यायचं. मुली तक्रार करत नाहीत, ग्रुप सोडतात, आणि आम्ही म्हणतो रस नाही. आता आम्ही व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या सूचना गटातून माहिती देतो. तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. हे आधीच करायला हवं होतं.

मूडलवरच्या चाचण्यांचा मात्र ताईंनी माझ्या कल्पनेपलीकडं उपयोग केला. फेब्रुवारीत लॉगिन सुरू झाल्यावर त्यांनी एकच चाचणी नऊ वेळा सोडवली. मला वाटलं काहीतरी अडकलं. त्या म्हणाल्या, "प्रश्न कसा फिरवून विचारतात ते पाहून राहिली." वेळ लागत नाही, कुणी हसत नाही, चुकलं तर लगेच कळतं. यंत्र शिक्षकापेक्षा चांगलं करू शकतं अशी ही एक गोष्ट आहे, आणि ती मी मोकळेपणानं मान्य करते.

परीक्षा

दोन गृहपाठ वेळेत गेले, एक राहिला. मे महिन्यात परीक्षा. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं ऊन. सकाळच्या पेपरला गावातली पहिली बस वेळेत पोचत नाही, म्हणून ताई आठवडाभर नागपुरात दिघोरीला मावसबहिणीकडं राहिल्या, मुलं सासूबाईंकडं. अंगणवाडीतून सुटी मिळवण्यासाठी परीक्षेचं वेळापत्रक लेखी लागलं, ते आम्ही पीडीएफ करून सहीशिक्क्यासह पाठवलं. या प्रकरणात कामाला आलेल्या डिजिटल गोष्टींत ही एक पानाची फाइल मी वरच्या नंबरावर ठेवीन.

समाजशास्त्रात त्यांना पहिल्या वर्षापेक्षा बरे गुण मिळाले. एका विषयात राहिल्या, ज्याचा गृहपाठ गेला नव्हता त्याच विषयात. तो पुन्हा देणार आहेत. ते ४७ दिवस भरून आले असं मी म्हणणार नाही.

केंद्रावर काय बदललं

शनिवारी मूडलची यादी काढणं आता ठरून गेलं आहे. १४ दिवस जे आलेले नाहीत त्यांची नावं वहीत जातात. वहीत चार रकाने: नाव, नंबर कुणाचा, फोन कधी घेता येतो, कुठं अडलं आहे. फोन ज्याची ओळख आहे त्यानंच करायचा. यादी म्हणजे निकाल नव्हे, हे आम्हाला लगेच कळलं. पहिल्याच आठवड्यात गप्प दिसलेल्यांपैकी दोघं पुस्तक आणि आवाजाचे तुकडे घेऊन व्यवस्थित अभ्यास करत होते, फक्त मूडलवर येत नव्हते. आणि तुमचं लॉगिन आम्हाला दिसतं हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. न सांगता कुणावर नजर ठेवणं मला मान्य नाही.

कार्यशाळा आम्ही घेतली, पण विषय बदलला. पासवर्ड कसा बदलायचा, नंबर गेला तर काय करायचं, बोलून कसं टाइप करायचं. शेवटचा भाग ताईंनी घेतला. 'ढिवर' शब्द यंत्र चुकवतं तेव्हा तो हातानं कसा घालायचा, हे त्यांनी स्वतःच्या फोनवर दाखवलं.

आणि या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवर एक काम वाढलं आहे. अर्ज घेतला की लिपिक भाऊ त्यावरचा नंबर तिथल्या तिथं डायल करतात आणि समोर उभ्या असलेल्या बाईकडं बघतात. बहुतेक वेळा पिशवीत फोन वाजतो. काल एकीच्या पिशवीत वाजला नाही, पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "कोण पाहिजे?" भाऊंनी अर्ज बाजूला ठेवला, खुर्ची पुढं केली आणि म्हणाले, "बसा ताई. आधी हे नीट करू."